आधी गच्ची, मग खिडकी, यंत्र सगळ्यात शेवटी

शाश्वत बांधकामाचा विषय निघाला की पहिला प्रश्न सोलर पॅनेलचा येतो. त्यानंतर पाणी जिरवण्याचा, मग भिंतीवर वेली चढवण्याचा. गच्चीच्या पोटात काय घालणार आणि पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी सावली कशी पडणार, हे विचारणारे फार थोडे. उष्ण हवामानात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं सुख या दोन उत्तरांवर ठरतं. ही उत्तरं चुकली तर पॅनेलची निम्मी वीज चुकीच्या छताची भरपाई करण्यात जाते, आणि त्याला हरित इमारत म्हणणं मला पटत नाही.

हिशेबच करून पाहू. १५० मिमी जाडीचा काँक्रीटचा स्लॅब घ्या. काँक्रीटची उष्णतावाहकता साधारण १.६ वॅट प्रति मीटर-केल्विन, म्हणजे १५० मिमीचा उष्णतारोध जेमतेम ०.०९. स्लॅबच्या वर आणि खाली चिकटून असलेल्या हवेच्या थरांचा मिळून ०.२१ धरला की एकूण ०.३०, आणि यू-मूल्य ३.३ च्या आसपास येतं. दोन्ही बाजूंच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता जाते, ते यू-मूल्य. भर दुपारी गडद गच्चीवर हवा आणि ऊन मिळून परिणाम ६० अंशांचा होतो आणि खोलीत आपल्याला २८ अंश हवे असतात. फरक ३२ अंशांचा. १०० चौरस मीटरच्या गच्चीतून साडेदहा किलोवॅट उष्णता खाली उतरते. एक टनाचा एसी सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे नुसत्या छतापायी तीन टन गेले! हा हिशेब तापमान स्थिर धरून केलेला आहे. प्रत्यक्षात स्लॅब तापायला वेळ लागतो, त्यामुळे आकडा थोडा उतरतो आणि चार-पाच तास पुढे सरकतो. बाहेर हवा गार झालेली असताना रात्री नऊ वाजता खोलीचं छत तापलेलं लागतं ते यामुळेच.

आता त्याच स्लॅबवर एक्सपीएसचे, म्हणजे बंद पेशींच्या घट्ट फोमचे, बोर्ड टाका. यांची वाहकता ०.०३३ च्या आसपास असते. ५० मिमी जाडीला यू-मूल्य ३.३ वरून ०.५५ वर येतं, ७५ मिमीला ०.३९, १०० मिमीला ०.३०. पहिल्या ५० मिमीनेच सहापैकी पाच हिस्से उष्णता अडवली, पुढच्या ५० मिमीने त्यामानाने फारच थोडी. उष्ण प्रदेशात ७५ मिमीवर थांबावं आणि उरलेला पैसा खिडकीच्या सावलीवर लावावा, असं माझं मत. थंड प्रदेशात गणित वेगळं होतं. तिथे आत-बाहेरचा फरक महिनोन्महिने राहतो, त्यामुळे २०० ते ३०० मिमीही वाया जात नाही.

विटांच्या तुकड्यांचा १०० मिमी जाड कोबा उष्णता अडवतो, हा समज फार घट्ट बसलेला आहे. त्याचा उष्णतारोध साधारण ०.१२. तेवढा तर ५ मिमी एक्सपीएसलाही मिळतो. कोब्याने उतार मिळतो हे खरं, पण स्लॅबवर दर चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो वजनही कायमचं बसतं.

बोर्ड स्लॅबच्या वर की खाली? वर घातले की स्लॅब खोलीच्या तापमानाला राहतो, रोज तापून फुगत नाही आणि थंडावा साठवायच्या कामी येतो. खाली फॉल्स सीलिंगमध्ये खनिज लोकर भरली तर खोली लवकर गार होते, पण वरचा स्लॅब उघड्यावर तापतच राहतो, प्रसरण पावतो आणि जिथे भिंतीवर टेकतो त्या रेषेत आडवी भेग पाडतो. सभागृहासारख्या दिवसात दोन-तीन तासच वापरायच्या जागेला खालचा पर्याय ठीक आहे. घराला नाही.

थरांचा क्रम असा लागतो. स्लॅबवर १:१०० चा उतार, कठड्याच्या कोपऱ्यात ७५ मिमीचा वाटा (गोलाई), त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर. तो वाळला की ४८ तास पाणी कोंडून चाचणी. मगच बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) आणि शेवटी जाळी घातलेलं ५० ते ६० मिमीचं काँक्रीट. बोर्ड २५० किलोपास्कल किंवा त्याहून जास्त दाब सहन करणारे घ्यावेत. कडा एकमेकींवर बसणाऱ्या खाचांच्या असाव्यात, नाहीतर दोन थर सांधे चुकवून टाकावेत. बोर्डांमधली बोटभर फट उन्हाळ्यात छताखाली उष्णतेच्या पट्ट्यासारखी दिसते. एक्सपीएसच्या जागी साधा थर्माकोल टाकला तर तो ओल शोषतो, दोन-तीन पावसाळ्यांत जड होतो आणि रोधक म्हणून त्यात काही उरत नाही. या रचनेत वॉटरप्रूफिंग बोर्डांच्या खाली राहतं, त्याला ऊन लागत नाही, रोजचं तापणं-निवणं सोसावं लागत नाही. म्हणून ते जास्त टिकतं.

सगळ्यात जास्त घोळ उंचीचा होतो. वॉटरप्रूफिंग कठड्यावर १५० मिमी चढवा असं नकाशावर लिहिलेलं असतं. कारागीर ते स्लॅबपासून मोजतो, आणि नंतर टाकलेले थर ती कड गिळून टाकतात. उताराचे सरासरी ५०, बोर्डाचे ७५, वरच्या काँक्रीटचे ६०: एकूण १८५ मिमी. त्यावर १५० मिमी मोकळी कड हवी तर चढाव स्लॅबपासून ३३५ मिमी लागतो. जिन्याच्या दाराचा उंबराही त्याच हिशेबाने वर घ्यावा लागतो, आणि हे स्लॅब पडण्याआधी ठरायला हवं. नंतर सुचलं तर पाणी उंबऱ्यावरून जिन्यात उतरतं आणि सगळा दोष बिचाऱ्या वॉटरप्रूफिंगच्या माथी बसतो.

दुसरी चूक वरच्या काँक्रीटला सांधे न सोडण्याची. रोधकाच्या वर बसलेलं हे काँक्रीट उन्हात जास्तच तापतं, कारण उष्णता खाली उतरायला वाट नसते. १० मीटर लांबी आणि ४० अंशांचा फरक धरला तर प्रसरण ४ मिमी. एवढ्याने वीटकामाचा कठडा बाहेर ढकलला जातो आणि इमारतीच्या बाहेरून, स्लॅबच्या पातळीच्या किंचित वर, सलग आडवी भेग दिसते. म्हणून अडीच-तीन मीटरवर १० ते १२ मिमीचे सांधे आणि कठड्यालगत चहूबाजूंनी २० मिमी फट ठेवून ती लवचिक सीलंटने भरावी.

एवढं सगळं करायला पैसे नसतील तर आधी पांढरा परावर्तक रंग लावा. नव्या स्वच्छ रंगावरून उन्हाचा सुमारे ८० टक्के भाग परत जातो. धूळ बसली की तो ६० च्या आसपास येतो, त्यामुळे ऊन तापायच्या आधी दरवर्षी गच्ची धुवून घ्यायलाच हवी. झाडं लावलेली गच्ची मला आवडते, पण ती रोधकाची जागा घेत नाही. उथळ मातीचीसुद्धा भिजल्यावर चौरस मीटरला ८० ते १५० किलो भरते, मुळं अडवणारा वेगळा थर मागते, आणि पाणी तुटलं की नेमकी उन्हाळ्यात वाळून जाते.

काच आणि सावली

सूर्य दक्षिणेला असेल तर साधा छज्जा उत्तम काम करतो. मी उत्तर गोलार्धातलं बोलतोय. दक्षिण गोलार्धात बाजू उलट धरा. छज्जाची खोली काढायला खिडकीच्या उंचीला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या टॅनने भागायचं. १.२ मीटर उंच खिडकी आणि ७० अंशांवरचा सूर्य असेल तर १.२ भागिले २.७५, म्हणजे ०.४४ मीटर. अर्ध्या मीटरचा छज्जा पुरला. दोन्ही बाजूंना तो खिडकीपेक्षा ३०० मिमी तरी पुढे न्यावा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ऊन बाजूने तिरकं शिरतं.

हाच छज्जा पश्चिमेला लावून पाहा. दुपारी उशिरा सूर्य ३० अंशांवर समोरासमोर येतो. १.२ भागिले ०.५८, म्हणजे दोन मीटरपेक्षा जास्त खोली हवी. एवढा छज्जा कोणी बांधत नाही. तरीही इमारतीच्या चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे फिरवलेले सर्रास दिसतात, आणि हे कागदावरच चुकलेलं डिझाइन आहे. पश्चिमेला उभे पडदे लागतात: बाहेर सरकणाऱ्या लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या झडपा, भिंतीपासून सुटी उभी केलेली जाळी, बाहेरून गुंडाळता येणारं कापड. धातूची पट्टीदार झडप भिंतीपासून ५० ते ७५ मिमी सुटी ठेवली तर मधली तापलेली हवा वर निघून जाते.

सावली बाहेरच का हवी? पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर उन्हाळ्यातल्या दुपारी चौरस मीटरला ६५० वॅटपर्यंत ऊन पडू शकतं. २ चौरस मीटरच्या साध्या काचेतून त्यातलं ८० टक्के आत येतं, म्हणजे १,००० वॅटचा हीटर खोलीत चालू ठेवल्यासारखं. आतून जाड पडदा ओढला तर ऊन पडद्यावर थांबतं, पण तोवर ते काचेच्या आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीलाच देतो.

काच निवडताना एसएचजीसी आणि व्हीएलटी हे दोन्ही आकडे मागून घ्या. पहिला उन्हातली किती उष्णता आत येते ते सांगतो, दुसरा किती उजेड येतो ते. एसएचजीसी ०.३ च्या खाली आणि व्हीएलटी ४० टक्क्यांच्या वर, अशी दुहेरी काच मिळते आणि ती चांगली. नुसतीच गडद काच घेतली तर उष्णतेबरोबर उजेडही जातो आणि भर दुपारी दिवे लावून बसावं लागतं. आधीच बसवलेल्या दुहेरी काचेवर उष्णता शोषणारी फिल्म चिकटवणं धोक्याचं. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड गार राहते आणि काच कडेपासून तडकते. काचेच्या उत्पादकाकडून लेखी होकार मिळाल्याशिवाय ते करू नये.

जमिनीपासून छतापर्यंत काच हा सार्वजनिक इमारतींचा आवडता पोशाख. त्यातला जमिनीपासून पाऊण मीटरपर्यंतचा भाग टेबलाच्या खाली येतो. तिथून कामाच्या पातळीवर उजेड जवळपास येत नाही, उष्णता मात्र पुरेपूर येते. खोलीत उजेड किती आत पोचेल ते खिडकीच्या वरच्या कडेवर ठरतं. त्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत तो उपयोगाचा असतो. वरची कड २.१ मीटरवर असेल तर साडेचार-पाच मीटर, २.७ मीटरवर नेली तर सहाच्या पुढे. तेव्हा खालची काच काढून भिंत बांधा आणि खिडकी वर उचला. काच कमी होऊनही उजेड आतवर जातो.

हवा

खोलीच्या एकाच बाजूला खिडकी असेल तर बाहेरची हवा छताच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत पोचते. समोरासमोर उघडी असतील तर पाचपटीपर्यंत. वास्तुविशारदांच्या चित्रांत जिन्याच्या माथ्यातून बाहेर पडणारे लाल बाण असतात, ते पाहताना मात्र हिशेब जवळ ठेवावा. ६ मीटर उंचीचा झोत आणि आत-बाहेर ३ अंशांचा फरक असेल तर मिळणारा दाब सुमारे ०.७ पास्कल. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या साध्या झुळकीचा दाब ५ पास्कलच्या वर जातो. म्हणजे वारा हाच मुख्य गडी, आणि उंचीचा झोत वारा पडल्यावरचा आधार. त्या ०.७ पास्कलच्या वाटेत डासांची बारीक जाळी, अर्धवट उघडणारी झडप आणि बंद दार आलं तर चित्रातला बाण चित्रातच राहतो. जाळी लावायची असेल तर खिडकीच्या उघडणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ वाढवूनच लावावी.

रात्रीच्या हवेने इमारत गार करण्याचं सगळ्यांत चर्चिलं गेलेलं उदाहरण म्हणजे झिम्बाब्वेतलं हरारेचं ईस्टगेट सेंटर, वास्तुविशारद मिक पीअर्स, १९९६. वारुळाची उपमा सगळे सांगतात. तिथे काम करतात ते पंखे आणि काँक्रीट. रात्री पंखे मजल्यांखालच्या पोकळ्यांतून गार हवा फिरवतात, जड काँक्रीट निवतं आणि दिवसा तोच थंडावा परत देतं. हरारे समुद्रसपाटीपासून जवळपास दीड हजार मीटरवर आहे आणि तिथल्या रात्री गार असतात, म्हणून हे जमतं. दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान यांत ८ ते १० अंशांचा तरी फरक नसेल तर ही युक्ती उचलू नये. आणि काँक्रीट उघडं हवं. रोजच्या चक्रात वरचा साधारण १०० मिमी थरच कामाला येतो. त्याच्याखाली फॉल्स सीलिंग टांगलं की साठवण तुटली.

दमट हवामानात रात्री खिडक्या उघडून इमारत गार करणं उलटतं. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. एसीने २४ अंशांवर आणलेल्या खोलीची खिडकी उघडली की फरशीवर आणि कपाटामागच्या भिंतीवर पाणी धरतं, आठवड्याभरात बुरशी. अशा ठिकाणी हलक्या भिंती, भरपूर सावली, दिवसभर आरपार वारा आणि छताचे पंखे हा मार्ग. पंख्याच्या वाऱ्याने २ ते ३ अंशांचा दिलासा जाणवतो, आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या) मोटरचा पंखा साधारण ३० वॅटवर चालतो. एसी २४ ऐवजी २७ वर ठेवून पंखा लावणं ही सगळ्यांत स्वस्त सुधारणा.

शाळांबद्दल थोडं जास्त, कारण तिथे हवा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित असते. ३० मुलांच्या वर्गाला प्रत्येकी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरली तर २४० लिटर लागते. एवढी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) आसपास राहतो. एसीसाठी खिडक्या बंद ठेवल्या आणि ताज्या हवेची सोय केली नाही तर तो पहिल्या तासातच त्याच्या बराच वर जातो आणि मुलं पेंगतात. बुर्किना फासोतल्या गांदो गावची प्राथमिक शाळा पाहा, वास्तुविशारद फ्रान्सिस केरे, २००१. सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, वर्गावर विटांचंच छत आणि त्याच्या वर बऱ्याच अंतराने लोखंडी सळयांच्या कैच्यांवर उचललेला पत्रा. तापलेला पत्रा वर्गापासून सुटा आहे. मधून वारा जातो, पत्र्याची उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते, छतातल्या फटींतून वर्गातली गरम हवा वर येते, आणि पुढे आलेला पत्रा भिंतींना सावली व पावसापासून आडोसा देतो. यात यंत्र एकही नाही. केरे यांना वास्तुकलेतलं २०२२ चं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. मला ते या छताच्या काटछेदासाठीच मिळालंसं वाटतं.

यंत्रांवर चालणाऱ्या मोठ्या इमारती बिघडतात त्या मुख्यतः हस्तांतरणाच्या वेळी. तापमानाचा सेन्सर उन्हात किंवा प्रिंटरच्या मागे बसवलेला, हवेच्या झडपेची मोटर फिरते पण पाकळी फिरत नाही, वेळापत्रक अजून चाचणीच्या दिवसांतलं आणि म्हणून सुट्टीच्या रात्रीही सगळं चालू. प्रत्येक झडप हाताने उघडून-मिटवून पाहणं, प्रत्येक मजल्याला वेगळा वीजमीटर आणि वर्षभर दर महिन्याला किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर हा आकडा लिहिणं, हे करारातच घालावं.

सिमेंट, आणि जे आधीच उभं आहे

जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी ७ ते ८ टक्के सिमेंटचं. त्यातला मोठा हिस्सा इंधनाचा नाही. चुनखडी भाजताना दगडातूनच तो वायू सुटतो, त्यामुळे भट्टी विजेवर चालवली तरी तो थांबत नाही. उपाय म्हणजे क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे भाजलेले खडे, कमी वापरणं. कोळशाच्या राखेचं सिमेंट, स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट किंवा एलसी३. या शेवटच्यात निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडीची पूड, ५ टक्के जिप्सम. राखेच्या आणि स्लॅगच्या सिमेंटला सुरुवातीची ताकद उशिरा येते. साइटवर सेंटरिंग नेहमीच्या दिवशीच काढलं आणि पाणी मारणं सातव्या दिवशी थांबवलं तर पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि नाव सिमेंटचं खराब होतं. १४ दिवस ओलं ठेवायचं आणि सेंटरिंग काँक्रीटच्या नमुना घनांच्या चाचणीचा आकडा पाहून काढायचं, एवढी शिस्त पुरते.

त्याहून मोठी बचत इमारत न पाडण्यात आहे, कारण काँक्रीटचा मोठा वाटा पाया, कॉलम आणि स्लॅब यांतच असतो. फ्रान्समध्ये बोर्दोच्या ग्रां पार्क वसाहतीतल्या तीन जुन्या इमारतींची ५३० घरं वास्तुविशारद लाकातों आणि वासाल यांनी, ड्रुओ आणि ह्यूतँ यांच्यासोबत, पाडली नाहीत. बाहेरच्या भिंतीला लागून नवा स्वतंत्र सांगाडा उभा करून प्रत्येक घराला जवळपास चार मीटर खोलीची, सरकत्या दारांची बंदिस्त बाल्कनी जोडली. ती हिवाळ्यात ऊन साठवते, उन्हाळ्यात उघडली की सावली देते. काम चालू असताना रहिवासी तिथेच राहिले. २०१९ मध्ये या कामाला युरोपचा वास्तुकलेसाठीचा मीस व्हान डेर रोअ पुरस्कार मिळाला.

जुनी इमारत ठेवण्याजोगी आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. प्लास्टर निघालंय किंवा रंग उडालाय म्हणून पाडायचा निर्णय होतो, तो घाईचा असतो. आधी कव्हर मीटरने सळईवर किती मिमी काँक्रीट आहे ते प्रत्येक मजल्यावर मोजा. मग छिन्नीने ताजा तुकडा उडवून धूळ झटका आणि त्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारा. जिथे रंग गुलाबी होतो तिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे आणि सळईला संरक्षण देतंय. रंगहीन राहिलेला थर म्हणजे कार्बोनेशन. हा थर ८ मिमी आणि कव्हर २५ मिमी असेल तर सांगाड्याकडे बरीच वर्षं आहेत. थर सळईपर्यंत पोचला असेल तर त्या भागाची दुरुस्ती मोजून करायची. समुद्राजवळच्या इमारतीत मात्र एवढ्यावर थांबू नका. तिथे रंग गुलाबी येऊनही क्षारांमुळे सळई गंजलेली असू शकते, त्यामुळे ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून क्लोराइडची तपासणी वेगळी करून घ्या.